आळशी डोळा कुणी शोधायचा?

शाळेत डोळे तपासणारे आले की वर्गाबाहेर रांग लागते. तक्त्यासमोर उभं राहायचं, तळहातानं एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्यानं वाचायचं. बोटांमध्ये जराशी फट राहिली की झाकलेला डोळाच गुपचूप वाचून देतो. रांगेत मागे उभ्या असलेल्यांना तोवर शेवटच्या दोन ओळी पाठही झालेल्या असतात. यात मुलाच्या मनात लबाडी नसते. एका डोळ्यानं धूसर दिसतं हे त्याला ठाऊकच नसतं, कारण दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याला पतंग दिसतो, फळा दिसतो, लोकलचा डबा दिसतो. सगळ्यांना असंच दिसत असणार, असं ते धरून चालतं.

या रांगेतून निसटलेल्या मुलाला आपल्या डोळ्याची बातमी बऱ्याचदा अठरा-एकोणिसाव्या वर्षी लागते. मावळात पहाटे रस्त्याच्या कडेनं धावण्याचा सराव करणारी मुलं नेहमी दिसतात. कुणाला पोलीस भरती गाठायची असते, कुणाला सैन्य. लोणावळ्यात १९४५ पासून ‘आयएनएस शिवाजी’ हे नौदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे गणवेशाचं आकर्षण इथे घराजवळचं. अशा भरतीच्या वैद्यकीय चाचणीत प्रत्येक डोळा वेगळा तपासतात. छाती, उंची, धाव सगळं जमलेलं असताना एक डोळा अडवतो, आणि या वयात चष्म्याचा नंबर देऊनही तो सहसा पुरता सुधारत नाही.

वैद्यकात याला ‘अँब्लिओपिया’ म्हणतात, बोलीभाषेत ‘लेझी आय’ किंवा आळशी डोळा. नाव दिशाभूल करणारं आहे. डोळा बहुतेक वेळा धडधाकट असतो. त्यानं पाठवलेलं चित्र मेंदू विचारात घेत नाही. पहिल्या सात-आठ वर्षांत मेंदू पाहायला शिकत असतो. या काळात एका डोळ्याकडून सतत धूसर किंवा भलत्या दिशेचं चित्र आलं, तर मेंदू दुसऱ्यावर विसंबतो आणि पहिल्याची सवय मोडतो. कारणं मुख्यतः तीन. डोळा तिरळा असणं, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असणं आणि जन्मजात मोतीबिंदूनं किंवा खाली लोंबलेल्या पापणीनं प्रकाशच अडणं. तिसरं कारण सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत घातक. एका डोळ्यात जन्मतः मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत व्हावी लागते. दुसरं कारण सर्वांत लबाड, कारण ते बाहेरून दिसतच नाही. जगभरच्या पाहण्यांत हा दोष साधारण १ ते ५ टक्के मुलांत आढळतो.

मांजरीच्या पिलांपासून सात वर्षांच्या रेषेपर्यंत

चांगला डोळा झाकून दुबळ्याला कामाला लावायचं, ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी १७४३ साली तिरळेपणावर लिहिताना ती मांडली होती. ती का चालते, याचा उलगडा व्हायला मात्र सव्वादोनशे वर्षं गेली. १९६० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीजल यांनी मांजरीच्या पिलांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. टाके काढल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी त्याला प्रतिसाद देत नव्हत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर काहीच बिघडत नव्हतं. दृष्टिकेंद्रावरच्या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं आणि ‘निर्णायक काळ’ हा शब्द नेत्रवैद्यकात रुजला.

त्यातून दवाखान्यात एक रेषा आखली गेली. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत उपचार, पुढे नाही. अनेक पालकांना ‘आता उशीर झाला’ हे वाक्य याच रेषेमुळे ऐकावं लागलं. रेषा कितपत खरी, याकडे पुढे येऊच.

पुणे जिल्ह्याचे आकडे

मावळ तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे पावणेचार लाख होती. तालुका म्हणून तो एक, राहणीमान म्हणून तीन-चार. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे ही शहरं लोहमार्गावर; पुणे-लोणावळा लोकल चिंचवड, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली करत येते. स्टेशन सोडून आत शिरलं की आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी. टाकवे, सावळे, कुसूर किंवा जांभवली इथून दवाखान्याला जायचं म्हणजे एसटीचं वेळापत्रक, भातलावणीची मजुरी आणि पाऊस या तिघांशी हिशोब. डोंगरकडेला ठाकर, कातकरी आणि महादेव कोळ्यांच्या वस्त्या आहेत.

केवळ या तालुक्याची मोजणी समोर नसली, तरी पुण्याच्या संशोधकांनी केलेलं काम जवळचं आहे. हडपसरजवळच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातल्या चमूनं २००४-०५ मध्ये महाराष्ट्रातल्या शहरी आणि ग्रामीण शाळांतल्या ६ ते १५ वर्षांच्या मुलांची तपासणी केली; निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. शहरी ५,०२१ आणि ग्रामीण ७,४०१ मुलं. चष्म्याची गरज असून तो नसलेली मुलं शहरात ५.४६ टक्के, गावात २.६३ टक्के. आळशी डोळा शहरात ०.८ टक्के, गावात ०.२ टक्के.

गावात चौपट कमी, हे वाचून गावकऱ्यांना हायसं वाटावं का? एक अर्थ सरळ आहे. गावात नंबरच कमी मुलांना होता, म्हणून दोन डोळ्यांच्या नंबरांतल्या फरकातून येणारा दोषही कमी. दुसरा अर्थ सावध करणारा. शाळेच्या तपासणीत शाळेत आलेलीच मुलं मोजली जातात. गुरांमागे गेलेलं किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर स्थलांतरित झालेलं मूल त्या दिवशी रांगेत नसतं. शिवाय सहाव्या वर्षापासून मोजायला सुरुवात केली, तर जो काळ उपचाराला सर्वांत सोपा तोच हातातून गेलेला असतो. मावळाला कुठला आकडा लावायचा हाही प्रश्नच, कारण तळेगावच्या इंग्रजी शाळेत शहर आहे आणि कुसूरच्या जिल्हा परिषद शाळेत गाव.

कधी तपासायचं, आणि कुणी

निदान तंत्र म्हणून अवघड नाही. लहान मूल तक्ता वाचत नसेल तर घर, सफरचंद, वर्तुळ, चौकोन अशा चित्रांचा तक्ता दाखवतात; फिनलंडच्या लेआ ह्युवारिनेन यांनी तयार केलेली ही चित्रं जगभर वापरली जातात. तिरळेपणा झाकण-चाचणीत कळतो. एक डोळा झाकल्यावर दुसरा हलून जागेवर येतो का, एवढंच पाहायचं. खरा नंबर कळायला मात्र थेंब किंवा मलम घालून बाहुली मोठी करावी लागते, कारण मुलं डोळ्यावर ताण देऊन नंबर लपवतात. दोन डोळ्यांत तक्त्यावरच्या दोन ओळींचा फरक असला आणि त्याला दुसरं कारण सापडलं नाही, की निदान पक्कं होतं.

एक बारकावा शाळा-तपासणीत हमखास सुटतो. आळशी डोळ्याला सुटं अक्षर बऱ्यापैकी ओळखता येतं. शेजारी अक्षरांची गर्दी असली की ते हरवतं. तपासणारा घाईत शेजारची अक्षरं झाकून एकेक अक्षर दाखवत गेला, तर नापास व्हायला हवं ते मूल पास होतं. डोळा तळहातानं न झाकता चिकटपट्टीनं झाकायचा आणि पूर्ण ओळ वाचायला लावायची, या दोनच गोष्टी पाळल्या तरी निसटणाऱ्यांची संख्या कमी होईल.

मतभेद आहेत ते वयावर. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं २०१७ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या दरम्यान किमान एकदा नजर तपासावी अशी शिफारस केली. तिनाखालच्या मुलांबद्दल पुरावा अपुरा ठरवला. ब्रिटनमध्ये ४-५ व्या वर्षी, शाळेत पाऊल टाकताना तपासणीची पद्धत आहे. भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि १९९४ मध्ये त्यात शालेय नेत्रतपासणी आली. तिचा भर मुख्यतः दहा वर्षांपुढच्या मुलांवर राहिला. लघुदृष्टी शोधायला ते वय योग्य, आळशी डोळ्याला उशिराचं. गावोगावच्या नेत्रशिबिरांचा रोखही आजवर मोतीबिंदूवर, म्हणजे आजी-आजोबांवर राहिला. त्यात गैर काही नाही, पण नातवंडं बाहेर खेळत राहिली.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानं हे चित्र बदलू शकतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाणं अपेक्षित आहे. तपासायच्या तीसेक दोषांत दृष्टिदोष आणि जन्मजात मोतीबिंदूही आहेत. कागदावर यापेक्षा चांगली रचना मागणं कठीण. अडचण वेळेची आहे. एका दिवसात वजन, दात, कान, हृदय, त्वचा, वाढ असं सगळं पाहणाऱ्या पथकाला चार वर्षांच्या, लाजून आईच्या पदराआड लपणाऱ्या मुलाचे दोन डोळे वेगवेगळे तपासायला किती मिनिटं मिळतात?

याच जागी हातात धरायचे फोटो-तपासणी कॅमेरे पुढे येतात. मुलानं काही वाचावं लागत नाही. काही सेकंदांत यंत्र नंबराचा आणि तिरळेपणाचा अंदाज देतं. समर्थकांच्या मते अबोल वयासाठी याला तोड नाही. शंका घेणारे म्हणतात की यंत्र आळशी डोळा दाखवत नाही, त्याची शक्यता दाखवतं. खोट्या इशाऱ्यांमुळे कामाच्या दिवशी पुण्याला फुकट खेप पडली की ते घर दुसऱ्यांदा येत नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

मुळात इतक्या लवकर तपासणं गरजेचं आहे का, असाही प्रश्न विचारला गेला आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या एका सरकारी आढाव्यानं शाळापूर्व तपासणीचा फायदा सिद्ध करणारे प्रयोगच नाहीत, असं बजावलं. त्यानंतर न्यूकॅसलच्या संशोधकांनी १७७ मुलांवर प्रयोग केला, २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांची नजर थोडीच कमी होती त्यांना उपचारानं फारसं काही मिळालं नाही. मध्यम दोषाच्या मुलांना मिळालं. आणि पाच वर्षांपर्यंत थांबून उपचार सुरू केलेलीही मागे राहिली नाहीत. म्हणजे तीन की पाच हा वाद तितका जीवघेणा नाही. पाच की पंधरा हा आहे.

चष्मा, पट्टी, थेंब

उपचाराच्या बाबतीत गेल्या पंचवीस वर्षांत अंदाजाची जागा मोजमापानं घेतली. अमेरिकेत १९९७ मध्ये बालनेत्रतज्ज्ञांचा एक संशोधक गट उभा राहिला आणि त्यानं एकेक प्रश्न घेऊन प्रयोग केले. निष्कर्ष पाहिले तर बऱ्याच घरांची धास्ती कमी व्हावी.

पहिला धडा चष्म्याचा. नंबरातल्या फरकामुळे डोळा आळशी झालेल्या, ३ ते ७ वर्षांच्या ८४ मुलांना केवळ चष्मा दिला. चांगला डोळा झाकणारी पट्टी नाही, औषध नाही. २००६ च्या अहवालानुसार ७७ टक्के मुलांची नजर दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली. २७ टक्क्यांचा दोष पूर्ण गेला.

दुसरा धडा तासांचा. पूर्वी पट्टी दिवसभर बांधायला सांगत. मध्यम दोषात रोज २ तास आणि ६ तास यांचा परिणाम सारखाच निघाला, तर तीव्र दोषात ६ तास आणि पूर्ण दिवस यांचा. पट्टी असताना बारीक काम करावं, मणी ओवावेत, चित्रं रंगवावीत असा सल्ला डॉक्टर देतात. मावळात आज्या इंद्रायणी तांदूळ निवडायला बसवतात. २००८ च्या प्रयोगात जवळचं काम करणाऱ्यांना लांबचं पाहत खेळणाऱ्यांपेक्षा जास्त लाभ झाला नाही. तांदूळ निवडून घ्यायचे तर घ्यावेत, पण पोराला अंगणात सोडलं तरी चालतं.

तिसरा धडा अॅट्रोपिनचा. हे औषध चांगल्या डोळ्यात घातलं की त्याला जवळचं धूसर दिसतं आणि दुबळ्याला काम करावं लागतं. ४१९ मुलांच्या प्रयोगात (२००२) सहा महिन्यांनी पट्टीनं ३.१६ ओळींची सुधारणा झाली, थेंबांनी २.८४ ओळींची. फरक किरकोळ. पुढे हेही दिसलं की रोज न घालता फक्त शनिवार-रविवार थेंब घातले तरी पुरतं. खोऱ्यातल्या घरांसाठी हा पर्याय सोयीचा वाटतो. शाळेत कुणाला काही दिसत नाही, पट्टी ओरबाडून काढण्याचा प्रश्न नाही, आणि लोणावळ्याच्या चार हजार मिलिमीटरच्या पावसात ओल्या गालावर काही चिकटवायला नको. उलट बाजूही आहे. बाहुली मोठी राहिल्यानं रानात, उन्हात डोळा दिपतो. क्वचित ताप येतो, चेहरा लाल होतो. आणि बाटली धाकट्या भावंडाच्या हाती लागली तर ते विष आहे. म्हणून काही डॉक्टर पट्टीवरच ठाम राहतात.

चष्मा लावून किती थांबायचं आणि पट्टी कधी सुरू करायची, हा सध्याचा खरा वाद. एका मतानुसार आधी चार-साडेचार महिने चष्म्यालाच संधी द्यावी. अनेक मुलांची पट्टी त्यातच टळते. दुसऱ्या मतानुसार तो काळ वाया जातो. युरोपातल्या ‘युपॅच’ प्रयोगात ३३४ मुलं घेतली. काहींना १८ आठवडे चष्मा आणि मग पट्टी, इतरांना तीनच आठवड्यांनी पट्टी. मे २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालात लवकर पट्टी बांधलेल्यांत यश ६७ टक्के, थांबलेल्यांत ५४ टक्के. मात्र त्या प्रयोगात पट्टी दिवसाला दहा तास सांगितली होती. दोन तासांवर समाधानी असलेल्यांना हा पुरावा तसाच्या तसा लागू करता येत नाही, आणि चष्म्यावरच बऱ्या होणाऱ्या मुलांना पट्टीचा जाच का, हा आक्षेपही उरतो.

शस्त्रक्रियेबद्दलचा गैरसमज इथेच दूर करायला हवा. तिरळेपणाचं ऑपरेशन डोळे सरळ करतं, नजर परत आणत नाही. आधी नजर, मग बहुतेकदा शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. ऑपरेशननंतर डोळे सरळ दिसू लागले की घरचे पट्टी सोडून देतात, आणि नजर मागे सरकते. उपचार थांबल्यावर वर्षभरात साधारण चौघांतल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते. जास्त तासांची पट्टी एकदम बंद केली तर हे प्रमाण आणखी वाढतं, म्हणून ती हळूहळू उतरवतात.

सात वर्षांनंतर

‘उशीर झाला’ या वाक्यावर २००५ मध्ये मोठा प्रश्न उभा राहिला. ७ ते १७ वर्षांच्या ५०७ जणांवर उपचार करून पाहिले. ७ ते १२ या गटात चष्म्यासोबत पट्टी वगैरे दिलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना लक्षणीय फायदा झाला, नुसत्या चष्म्यावर २५ टक्क्यांना. १३ ते १७ मध्ये एकूण फरक दिसला नाही. पण ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते त्यांच्यात ४७ विरुद्ध २० असा दिसला. ग्रामीण भागासाठी ही उपगटाची ओळ फार मोलाची, कारण तिथे आठवीतल्या मुलावर आधी काहीच झालेलं नसण्याची शक्यता जास्त.

भारतातूनच आलेला आणखी एक पुरावा या रेषेला धक्का देतो. एमआयटीचे पवन सिन्हा यांनी २००५ मध्ये दिल्लीत ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. जन्मजात मोतीबिंदूनं आंधळी राहिलेली, आठ-दहा किंवा त्याहून मोठी मुलं शस्त्रक्रियेनंतर पाहायला शिकली. नजर तीक्ष्ण झाली नाही, पण वस्तू, चेहरे, हालचाल ओळखू लागली. आज बहुतेक तज्ज्ञ काळाचं दार एकदम बंद होण्याऐवजी हळूहळू लोटलं जातं असं मानतात. किती मोठ्या वयापर्यंत प्रयत्न करत राहावं, यावर मात्र एकमत नाही. दहावीच्या वर्षात सहा महिने पट्टी बांधायला सांगणं आणि त्यातून एखादीच ओळ मिळणं, हा सौदा कुटुंबानं करावा का, याचं उत्तर कुठल्याही तक्त्यात नाही.

खेळ, त्राटक आणि गोळ्या

पट्टी कुणालाच आवडत नाही, म्हणून पडद्यावरचे उपचार आले. दोन्ही डोळ्यांना वेगळी चित्रं दाखवायची, चांगल्या डोळ्याचं फिकं करायचं आणि दोघांनी मिळून पाहिल्याशिवाय खेळ पुढे जाणार नाही अशी रचना करायची. कल्पना सुंदर. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८५ मुलांच्या प्रयोगात पडणाऱ्या ठोकळ्यांचा असा खेळ आयपॅडवर दिला, तेव्हा तो दोन तासांच्या पट्टीच्या बरोबरीचा असल्याचं दाखवता आलं नाही. शिवाय सांगितलेल्या वेळेच्या पाऊणपट तरी खेळलेली मुलं जेमतेम २२ टक्के! मुलं खेळालाही कंटाळतात, हे पालकांना नव्यानं सांगायला नको. त्यानंतर अमेरिकेत २०२१ मध्ये कार्टून दाखवणाऱ्या एका हेडसेटला मान्यता मिळाली. १०५ मुलांच्या प्रयोगात त्यानं १२ आठवड्यांत १.८ ओळी सुधारल्या, नुसत्या चष्म्यानं ०.८. तुलना चष्म्याशी होती, पट्टीशी नव्हती, हे जाहिरात वाचताना ध्यानात ठेवावं.

लोणावळ्यात आणखी एक प्रश्न हटकून निघतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथेच कैवल्यधामची स्थापना केली, योगाची शास्त्रीय तपासणी व्हावी म्हणून. त्यामुळे ‘त्राटकानं डोळा सुधारेल का?’ ही विचारणा इथे स्वाभाविक आहे. त्राटक हे हठयोगातल्या षट्कर्मांपैकी एक. त्याचा हेतू चित्ताची एकाग्रता. दोन्ही डोळ्यांनी ज्योतीकडे पाहताना काम चांगला डोळाच करतो, म्हणून आळशी डोळ्यावर त्याचा परिणाम व्हायला तार्किक आधार कमी पडतो आणि विश्वासार्ह प्रयोगही नाहीत. शहरांतल्या ‘डोळ्यांच्या व्यायामां’च्या वर्गांबद्दलही हेच. त्यांनी अपाय होत नाही, चष्मा-पट्टी लांबली तर होतो. औषधांमध्ये लेव्होडोपाकडून मोठी आशा होती, भारतातही त्यावर काम झालं. पण २०१५ च्या अमेरिकी प्रयोगात ७ ते १२ वर्षांच्या मुलांना पट्टीसोबत ते देऊन विशेष काही साधलं नाही.

चष्मा नाकावर राहतो का

इथवर उपचारांच्या शाखा-उपशाखांबद्दल बोलणं झालं. पण पुणे जिल्ह्यातली सर्वांत बोलकी पाहणी औषधांबद्दल नाहीच. पुण्याचे बालनेत्रतज्ज्ञ डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जिल्ह्यातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांत चष्मे मिळालेल्या मुलांची सहा महिने ते वर्षभरानं पुन्हा भेट घेतली. १,०१८ मुलांपैकी चष्मा घातलेली ३००. उरलेल्यांत ४९२ जणांनी ‘घरी आहे’ म्हणून सांगितलं, २११ जणांकडे तो नव्हताच.

‘ढापण्या’ आणि ‘चश्मिस’ ही हाक ज्यांनी शाळेत ऐकली त्यांना कारण विचारावं लागणार नाही. मुलींच्या बाबतीत लग्नाची काळजी आधीच सुरू होते. तिरळेपणाबद्दल ‘मोठेपणी आपोआप जाईल’ ही समजूत इतकी पक्की आहे की आई दवाखान्यात न्यायचं म्हणाली तरी सासूबाई ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून थांबवतात. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बाळाचा डोळा अधूनमधून भरकटतो हे खरं, त्यानंतर नाही. फुकट चष्मा वाटण्याच्या कार्यक्रमात वाटलेल्या चष्म्यांची संख्या छापून येते, घातलेल्यांची येत नाही. आळशी डोळ्याच्या बाबतीत घातलेल्यांचीच संख्या महत्त्वाची, कारण इथे चष्मा हाच उपचाराचा पहिला आणि कधी कधी एकमेव टप्पा असतो.

पाठपुराव्याच्या सोयी अगदीच नाहीत असं नव्हे. तळेगावला मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पुढे पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधला जिल्हा रुग्णालय, पुण्यात ससून आणि एच. व्ही. देसाई. लोकलच्या रेषेवर राहणाऱ्याला यातलं काही ना काही गाठता येतं. पट्टी चालू असताना दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, कारण कधी कधी झाकलेल्या चांगल्या डोळ्याचीच नजर कमी व्हायला लागते. तिकोन्याच्या पायथ्याच्या किंवा कुसूरच्या आईला अशा चार-पाच फेऱ्या म्हणजे तितकीच मजुरी बुडणं. अॅट्रोपिनचा निर्णय असो की पट्टीच्या तासांचा, हा हिशोब डॉक्टरांच्या चिठ्ठीत दिसत नाही.

काय ठरलं, काय राहिलं

चष्म्याचं महत्त्व, कमी तासांची पट्टी पुरणं, थेंब आणि पट्टी यांची जवळपास बरोबरी, सातव्या वर्षाची रेषा पुसट असणं, एवढं बऱ्यापैकी ठरलं आहे. चष्म्यानंतर किती थांबायचं, पडद्यावरचे उपचार पट्टीची जागा घेतील का, प्रौढांवर कितपत वेळ घालवावा, हे ठरायचं आहे. सौम्य दोषावर उपचार करावेत का, याबद्दल प्रामाणिक मतभेद आहेत. उपचाराच्या बाजूनं एक आकडा सांगतात. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीनं हिशोब मांडला, की आळशी डोळा असलेल्या शंभरांतल्या किमान एकाला आयुष्यात कधीतरी चांगल्या डोळ्याची नजर गमवावी लागते. शेतात, कारखान्यात, एक्स्प्रेसवेवर काम करणाऱ्यांच्या तालुक्यात ही शक्यता कानाआड टाकता येण्याजोगी नाही.

मावळापुरतं पाहिलं तर अडलेली गाठ संशोधनात नाही. पहिलीत येणारं मूल सहा वर्षांचं असतं. त्याआधीची तीन वर्षं ते अंगणवाडीत जात असतं. तिथे त्याचं वजन दर महिन्याला होतं आणि वहीत लिहिलं जातं. सेविकांवर आधीच कामांचा डोंगर आहे आणि त्यांच्या माथी आणखी एक काम मारू नये, हे म्हणणं रास्त आहे. मग ते फिरत्या पथकानं करावं, आशाताईंनी करावं की तळेगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी, हे आरोग्य खात्यानं आणि पंचायत समितीनं मिळून ठरवावं. चित्रांचा एक तक्ता, डोळा झाकायला चिकटपट्टीचा एक गुंडाळा आणि त्याच वहीत वजनाशेजारी दोन रकाने, उजवा आणि डावा. चौथं वर्ष संपायच्या आत ते दोन्ही भरलेले असावेत.